नवीन ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी, गावात ११ चं ॲव्हरेज, काय करू?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. पाडव्याला नवीन गाडी घेतली, छोटी एसयूव्ही, १ लिटर टर्बो पेट्रोल, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही कारण मला बदनामी करायची नाही, उत्तर पाहिजे. ब्रोशरमध्ये १८ च्या वर लिहिलंय, बुकिंग करताना सेल्सवाला म्हणाला "सर गावात १५ कुठं जात नाही", आणि मला मिळतंय ११. कधी कधी स्क्रीनवर १०.४ पण दिसतंय. आमची जुनी हॅचबॅक होती मॅन्युअल, तिनं गावात १४ च्या खाली कधी आणलं नाही.

माझं रनिंग सांगतो म्हणजे अंदाज येईल. घर बेळगावात टिळकवाडीत, सकाळी मुलीला कॅम्पात शाळेत सोडायचं, परत घरी, नाश्ता करून मग उद्यमबागेत कामावर, संध्याकाळी परत, मधे कधी खडेबाजार, गणपत गल्लीकडं सामानाला, रेल्वे गेट पडलं तर तिथं थांबायचं, एसी बहुतेक चालू कारण धूळ फार आहे. हायवेला अजून फारशी नेलीच नाही. पहिली सर्व्हिसिंग झाली तेव्हा तक्रार सांगितली तर लॅपटॉप लावून बघितलं आणि म्हणाले सगळं ओके आहे, तिसऱ्या सर्व्हिसिंगनंतर ॲव्हरेज वाढेल. म्हणजे तोपर्यंत गप्प बसायचं का?

वडिलांनी फौंड्रीतून रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातले काही यात घातलेत, ते रोज जेवताना विचारतात आज किती दिलं म्हणून. त्यांना ११ सांगायला जीवावर येतं. कुणाला अनुभव असेल तर नीट सांगा प्लीज.

निपाणीचा हायवेवाला
अभिनंदन आधी, नवीन गाडी आहे.

११ हे कुठून आलं ते सांगा. स्क्रीनवरचं असेल तर ते बाजूला ठेवा, त्याच्यावर भांडता येत नाही. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा खट् करून आपोआप बंद झालं की बस्स, पंपवाल्याला राऊंड फिगर करायला अजून टाकू देऊ नका. ट्रिप मीटर शून्य. मग निदान अर्धी टाकी संपेपर्यंत चालवा आणि परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, तसंच पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर, बिल जपून ठेवा. शंभर दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून काढलेल्या ॲव्हरेजला काही अर्थ नसतो, काटा कुठं होता आणि कुठं आला हे कुणालाच कळत नाही.

दुसरं, ब्रोशरवरचा आकडा एआरएआयचा म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा असतो, पुण्याला गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगानं पळवतात, एसी बंद, जास्तीत जास्त स्पीड ९०, समोर रिक्षा नाही म्हैस नाही, स्पीड ब्रेकर नाही. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो आकडा चांगला, आपल्याला गावात तेवढंच मिळेल असं धरून चालू नये. सेल्सवाल्यानं १५ तोंडानं सांगितलं ते मात्र चूकच केलं त्यानं, ऑटोमॅटिक टर्बोला बेळगाव गावात १५ कुठून येणार.

खानापूर रोड गॅरेज
तुमचं रनिंग वाचलं की ओ, निम्मं उत्तर त्यातच आहे. घर ते कॅम्प, कॅम्प ते घर, मग गाडी थंड, मग परत उद्यमबाग. प्रत्येक फेरी तीन चार किलोमीटरची. इंजिनचं पाणी ८५-९० डिग्रीला यायच्या आतच तुम्ही किल्ली काढूलालाय. थंड इंजिनला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्तच सोडतो, ऑईल जाड असतंय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पण गरम होईपर्यंत खालचा गिअर धरून ठेवतोय. सकाळी थंडीत स्टार्ट करून पहिल्या दोन किलोमीटरला स्क्रीनवर बघा, ६-७ दाखवंल. पुढं जाऊन इंजिन तापलं की १३-१४ व्हायला लागतंय, पण तोवर तुमची शाळा आली. जुनी गाडी पण हेच करत होती, पण ती हलकी होती आणि मॅन्युअल होती म्हणून तेवढं जाणवलं नाही.

उभ्या गाडीचं पण धरा. असलं इंजिन एसी लावून नुसतं उभं राहिलं तरी तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितंय. गेटवर दहा मिनिटं म्हणजे तुमचं सव्वा किलोमीटर तिथंच गेलं. गेट पडलं की बंद करा.

आता फुकटातलं काम. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर हवा किती ते लिहिलंय, सकाळी टायर थंड असताना तेवढी आहे का बघा. शोरूममधून गाडी निघताना हवा बघितलीच असंल असं धरू नका, माझ्याकडं नवीन गाड्या २६ वर आलेल्या बघितल्यात.

उचगावचा
हे सगळं खरं असेल पण मूळ रोग कुणी बोलत नाही, इथेनॉल. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल झाल्यापासून सगळ्यांच्याच गाड्यांचं ॲव्हरेज पडलंय, माझी बाईक पण आणि भावाची कार पण. पैसे पेट्रोलचे पूर्ण घ्यायचे आणि पाचवा हिस्सा दुसरं काहीतरी घालायचं, आणि आपल्याला साधं पेट्रोल पाहिजे म्हटलं तर पंपावर मिळत नाही, महागातलं घे म्हणतात. शोरूमवाल्याला कशाला धरताय. आमच्याकडं शिनोळीपासून महाराष्ट्रातली माणसं इकडं पेट्रोल भरायला येतात स्वस्त म्हणून, पण स्वस्त मिळून ॲव्हरेज गेलं तर काय उपयोग.

संकेश्वर साखर
उचगावच्या दादांचा राग मला कळतो पण आकडे बघू. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो म्हणून बाजू घेतोय असं समजू नका. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते त्याच्या साधारण दोन तृतीयांश एक लिटर इथेनॉलमध्ये असते. २० टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा ६ ते ७ टक्के कमी भरते, शुद्ध पेट्रोलच्या मानानं. आधी ई१० होतंच, त्याच्या मानानं धरलं तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात पण जुन्या चारचाकींना ६-७ टक्के फटका बसेल असंच लिहिलंय, कुणी लपवलेलं नाही. म्हणजे १८ चे १७ होतील. १८ चे ११ इथेनॉलनं होत नाहीत. उरलेले सहा किलोमीटर दुसरीकडं शोधायला पाहिजेत.

आणि एक मनातलं सांगतो, आपल्या जिल्ह्यात चिकोडी, हुक्केरी, गोकाक, अथणी सगळीकडं उसावर घरं चालतात. साखरेला दर नसतो तेव्हा बिलं थकतात आणि शेतकरी कारखान्याच्या दारात बसतो, इथेनॉलचे पैसे लवकर येतात म्हणून काही ठिकाणी ती बिलं वेळेवर निघाली. तरी तुमचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं, ऊर्जा कमी तर दर पण कमी पाहिजे होता. तो फायदा गाडीवाल्याला मिळाला नाही, हे बरोबर नाही.

उचगावचा
दर कमी पाहिजे एवढं मान्य केलंत, बरं वाटलं. ६-७ टक्क्यांचा हिशोब पण समजला.

शहापूरकरीण
माझ्याकडं तसलीच गाडी आहे, टर्बो ऑटोमॅटिक, दुसरी कंपनी, दोन वर्षं होत आली. गावात १२ मिळतं, पावसाळ्यात खड्डे आणि गर्दी वाढली की ११.५ पण होतं. हायवेला ८०-९० नं शांत गेलं तर १७. त्यामुळं तुमचं ११ ऐकून मला धक्का बसला नाही. टर्बोमध्ये पायाचा खूप फरक पडतो, सिग्नल सुटल्यावर जोरात दाबलं की टर्बो आला, पेट्रोल गेलं. मी चेन्नम्मा सर्कलपासून पुढं उगाच घाई करायची सोडून दिली, पुढचा सिग्नल लालच असतो. तेवढ्यानं जवळ जवळ एक किलोमीटर वाढला.

एक गोष्ट जिव्हाळ्यानं सांगते, ॲव्हरेजसाठी चोर्ला घाटात न्यूट्रल करणारे बरेच आहेत आणि त्यांना वाटतं पेट्रोल वाचतंय. उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. वर इंजिनचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर, धुकं, पाऊस, समोरून गोव्याच्या गाड्या. कृपा करून कुणी करू नका.

टिळकवाडीकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं नीट कुणी शोरूममध्ये सांगितलं नाही. काय काय केलं ते लिहितो. टाकी ते टाकी मोजलं, गावात ११.२ आलं, म्हणजे स्क्रीन फार खोटं बोलत नव्हती. हवा पुढं २७ होती, स्टिकरवर ३३ आहे, भरून घेतली. मग रविवारी वडिलांना आणि मुलीला घेऊन निपाणीला जाऊन आलो, परत त्याच पंपावर भरलं, वंटमुरी आणि तवंदी दोन्ही घाट धरून, स्पीड ८०-९० च्या वर नेला नाही. जाताना स्क्रीनवर १६ दिसत होतं, वडील खूष होते. येऊन हिशोब केला तर १३.६. शहापूरच्या ताई १७ म्हणतात मग हे कमी नाही का?

निपाणीचा हायवेवाला
जाताना जास्त दिसणारच, बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे आणि निपाणी त्याच्यापेक्षा बरीच खाली, येताना तेच सगळं वसूल होतं. म्हणून जाऊन येऊनचा हिशोब केलात ते बरोबर केलंत. पण जाऊन येऊन १३.६, ते पण ९० च्या आत, हवा भरलेली, हे कमी आहे. मी याच रस्त्यानं नेहमी येतो, ऑटोमॅटिक असली तरी १६ यायला पाहिजे. गावातल्या ११ वर मी गप्प बसलो असतो, या आकड्यावर नाही.

खानापूर रोड गॅरेज
बरोबर, आता गाडीत काहीतरी अडूलालंय. मला ब्रेकचा संशय येतोय. हायवेला पंधरा वीस किलोमीटर जावा, शेवटी ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर सोडून गाडी हळू होऊ दे, सपाट जागेवर थांबवा, मग चारी रिमांजवळ हात न्या, टेकवू नका भाजंल. चारी सारख्या कोमट पाहिजेत. एखादी जास्त गरम असंल तर तिथं ब्रेक धरून राहिलाय. सपाट जागेवर न्यूट्रल करून एका माणसानं ढकललं तर गाडी सहज हलायला पाहिजे, ते पण बघा. लॅपटॉपवर हे दिसत नाही, कोड येत नाही, म्हणून ते ओके म्हणाले.

टिळकवाडीकर
दादा, मागची डावी! हिंडलगा, सुळगा करत बाचीपर्यंत जाऊन आलो, बाकी तीन कोमट आणि मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवत नव्हता, थोडा वास पण येत होता. वडिलांनी पण हात लावून बघितलं, त्यांचं सगळं आयुष्य भट्टीजवळ गेलंय, ते लगेच म्हणाले हे नेहमीचं नाही. उद्या शोरूमला नेतोय. पण परत "सगळं ओके" म्हणाले तर?

निपाणीचा हायवेवाला
जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "मायलेज कमी" एवढंच लिहू देऊ नका. "मागचं डावं चाक ब्रेक न मारता गरम होतंय, हायवेला टाकी ते टाकी १३.६" असं पूर्ण लिहायला लावा, पंपाच्या बिलांची झेरॉक्स जोडा, जॉब कार्डची कॉपी घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. त्यांचा माणूस शेजारी बसवून ॲव्हरेज टेस्ट मागा, बहुतेक वर्कशॉप करतात. वॉरंटीत आहे, पैसे मागितले तर देऊ नका. ऐकलंच नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, मग ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि शेवटी बेळगावातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण मला वाटतं एवढं लागणार नाही, गरम चाक समोर दाखवल्यावर कोण नाही म्हणणार.

शहापूरकरीण
पैशाचं आणि ॲव्हरेजचं राहू दे, मुलीला रोज घेऊन जाता त्या गाडीचा ब्रेक धरतोय, उद्या नको आजच फोन करून ठेवा आणि तोपर्यंत शाळेला स्कूटर न्या.

टिळकवाडीकर
फोन केला, सकाळी साडेनऊची वेळ दिली आहे. गाडी तेवढीच सावकाश नेतो.

खानापूर रोड गॅरेज
ब्रेकचा ड्रम उघडताना तिथं उभं राहा, बाहेर एसीत बसवतील तर बसू नका. शू एका बाजूनं जास्त घासलाय का, हँडब्रेकची केबल जास्त ओढलीय का, ते डोळ्यानं बघा आणि मोबाईलवर फोटो काढा. नुसतं ॲडजस्ट करून देतो म्हणाले तर दोन दिवसांनी परत चाक तपासा. आणि वडिलांना आत्ताच सांगून ठेवा, हे झाल्यावर हायवेला १६ च्या पुढं जाईल पण गावात १२, फार तर साडेबारा, शाळेची फेरी आहे तोवर १५ काय येत नाही.