चौकट काळी आली तर येऊ द्या
खिडकीतून फोटो घेतला की चौकट काळीठिक्कर येते, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण मला ती काळी चौकटच आवडते. आग्र्याच्या किल्ल्यात मुसम्मन बुर्जाच्या आसपास उभं राहिलं की यमुनेच्या वळणावर ताजमहाल दिसतो. १६५८ पासून १६६६ मध्ये मरेपर्यंत शाहजहान याच किल्ल्यात कैद होता; तो फोटो आतल्या अंधारासकटच हवा! एक्सपोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) बाहेरच्या उजेडावर लॉक करा, कमानीवरची नक्षी गेली तर जाऊ द्या. शक्यतो दुपारनंतर जा, ताज पूर्वेकडे असल्याने तेव्हा आपल्या बाजूने ऊन पडतं. खिडकीची दगडी जाळी फोटोत नकोच असेल तर लेन्स तिच्या अगदी जवळ नेऊन (दगडाला न टेकवता) अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) मोठं ठेवा, बरीचशी पुसली जाते.