कामगार दिनाचा कार्यक्रम 1 मेला घ्यावा की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला)?

तापीकाठ
गावात 1 मेच्या कार्यक्रमाची बैठक झाली. ठरलं ते नेहमीचंच: सकाळी झेंडा, मोटारसायकल रॅली, दहाला सभागृहात भाषणं. मी तिथे विरोध केला, इथेही करतो. खान्देशात कामगार म्हटला की आधी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी, आणि शेतात जाणारी मजूर बाई. त्या वेळी दोघंही कामावर असतात. बाई कार्यक्रमाला आली तर तिचा रोज बुडतो.

सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती फिटली, खाडे किती धरले, नवं साल कितीला, सगळं त्या दोन-चार दिवसांत ओट्यावर ठरतं. मालकाकडून चार जण बोलतात, सालदार एकटा असतो. शिकागोच्या कामगारांनी 1886 मध्ये आठ तास मागितले. सालदाराच्या कामाला तासच नाहीत. पहाटेच्या गोठ्यापासून रात्री लाइट आली की पिकाला पाणी भरायला जाण्यापर्यंत सगळं सालात धरलेलं. त्याच्या बाजूला माणसं बसवायची तर आखाजीलाच बसवा. 2025 मध्ये आखाजी 30 एप्रिलला होती, म्हणजे 1 मेच्या आदल्याच दिवशी. तरी कोणाला सुचलं नाही!

भुसावळ जंक्शन
अजिबात पटलं नाही. 1 मे ही तारीख 1889 मध्ये पॅरिसला ठरली, ती सगळ्या देशांतल्या कामगारांनी एकाच दिवशी उभं राहावं म्हणून. 1974 चा रेल्वे संप आठवा. 8 मेपासून देशभर एकदम काम थांबलं, त्यातच त्याची ताकद होती. प्रत्येक जंक्शनने सोयीची तारीख घेतली असती तर? शिवाय आखाजीला लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी, झोके. वर्षातून एकदा मिळणारा तो आनंद सभेसाठी मोडू नका.

सातपुडा पायथा
भाऊ, सभा घ्या असं कोण म्हणतंय? 1972 च्या सुमारास शहादा-तळोद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, भिल्ल नेते अंबरसिंग सुरतवंती त्यात पुढे होते. सालदारांच्या मजुरीचा प्रश्न तिथे भिल्ल मजुरांनीच लावून धरला, बायांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले. ते बळ पाड्यापाड्यावर जाऊन जमलं होतं. आमच्याकडचे कोयतावाले, म्हणजे ऊसतोड मजूर, गुजरातेत बारडोलीकडून उन्हाळ्यात परत येतात. तुमची दहाची सभा त्यांच्यापर्यंत पोचते का?

पाच एकर, रावेर
मी शेतकरी, वर्षाचा सालदार ठेवतो. केळीचा भाव पडला की त्याचा पगार मी उसनवारीने देतो. इथे ‘मालक’ म्हणजे कोणी गिरणीवाला नाही. सणाच्या दिवशी चार कार्यकर्ते माझ्या ओट्यावर आले तर वर्षानुवर्षांचं घरचं नातं तुटेल. आधी आमच्या भावाचं बोला.

तापीकाठ
तुमच्या भावासाठी मीही रस्त्यावर येईन, मनापासून. पण तुम्हाला भाव मिळाला नाही म्हणून त्याचे खाडे कोण मोजतं हा प्रश्न मिटत नाही. भुसावळकरांचं एक मान्य, 1 मे सोडू नये. मग तो संध्याकाळी सातला मजूर वस्तीत करा. आखाजीला मात्र कागद: काम, पगार, उचल, सुट्ट्या लिहिलेल्या दोन प्रती, एक मालकाकडे, एक सालदाराकडे.

पारोळा
मना बाप सालदार व्हता. हिशोब मालकाच्या वहीत असायचा, बापाला वाचता येत नव्हतं. दोन प्रतींचं काम करणार असाल तर लिहायला मी येतो.