जुन्या आलिशान सेडानचा एक कोपरा रात्रीतून खाली बसतो

प्रश्न:
अठरा वर्षे जुनी, एअर सस्पेन्शनची (पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगवर तोललेली) सेडान मी नुकतीच घेतली असून तिच्यावर माझा जीव जडला आहे. मात्र रात्रभर उभी राहिली की सकाळी पुढची डावी बाजू चार बोटे खाली बसलेली दिसते आणि इंजिन सुरू केल्यावर कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) बराच वेळ घरघरतो. तोच बदलावा का?

उत्तर १:
कृपया घाई करू नका. एकच कोपरा बसत असेल, तर दोष बहुधा त्या चाकाच्या एअर स्प्रिंगच्या रबरात, नळीच्या जोडात किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (चाकांकडे हवा वाटणाऱ्या भागात) असतो. रबराला जिथे घडी पडते तिथे साबणाचे पाणी ब्रशने लावा; भेग असेल तर बारीक बुडबुडे धरतील. गळती तशीच राहिली तर कॉम्प्रेसर सतत चालून तापतो आणि अखेर जळतो, म्हणून आधी गळती थांबवा. हवा गेली की गाडी एकदम खाली येते, त्यामुळे जॅक स्टँड (गाडी तोलून धरणारे पक्के टेकू) लावल्याशिवाय खाली हात घालू नका.

उत्तर २:
सहमत. शिवाय गाडी जुनी आहे, म्हणून तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ आहे असे कोणी सांगितले तरी मानू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान बदलण्यास सांगते.

प्रश्नकर्ता:
घडीतच बुडबुडे दिसले. मनःपूर्वक आभार. दोन्ही पुढच्या स्प्रिंग एकदमच बदलून घेतो.