मदत हवी आहे: सीएमएलच्या (एक रक्ताचा कर्करोग) मॅरो कल्चरमध्ये मेटाफेज (विभाजनाच्या मध्यावरच्या पेशी, ज्यांत क्रोमोसोम दिसतात) मिळत नाहीत

लातूरहून संभाजीनगरला आलेलं बोन मॅरो सॅम्पल, सोडियम हेपॅरिनमध्ये (गोठू नये म्हणून). सीएमएलचा संशय, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) १.५ लाख. १० मिली आरपीएमआय १६४० (पेशी वाढवायचं मीडियम), २० टक्के एफबीएस (वासराच्या रक्ताचं सीरम), त्यात अर्धा मिली मॅरो. ३७ अंशांवर २४ तास. सकाळी मीडियम पिवळंजर्द. कोल्सेमिड (विभाजन मेटाफेजला थांबवणारं औषध) ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिली, २ तास. स्लाइडवर जेमतेम ३ मेटाफेज, क्रोमोसोम आखूड आणि एकमेकांत गुंतलेले. २० मेटाफेज हवेत. पेशंटला पुन्हा सुई टोचायची वेळ येऊ नये. काय चुकतंय?

प्रतिसाद १
पेशी फार झाल्या. मायक्रोलिटरला १.५ लाख धरले तर अर्ध्या मिलीत ७.५ कोटी, म्हणजे कल्चरच्या दर मिलीला ७५ लाख. हव्यात १० लाख. एवढ्या पेशी रातोरात ग्लुकोज संपवतात, लॅक्टिक ॲसिड साठतं, मीडियम पिवळं पडतं आणि विभाजन थांबतं. या हिशोबाने ६५-७० मायक्रोलिटर पुरे. पण तो काउंट रक्ताचा असेल. मॅरो पातळ करून त्याचा वेगळा मोजा. उरलेलं सॅम्पल मीडियमने धुऊन आजच २४ आणि ४८ तासांची दोन कल्चर लावा. पीएचए (टी-पेशींना विभाजनाला लावणारं द्रव्य) अजिबात घालू नका, नाहीतर निरोगी टी-पेशी वाढतील आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येईल.

प्रतिसाद २
आखूडपणा कोल्सेमिडच्या २ तासांमुळे. ३० मिनिटांवर आणा. मग पेशी फुगवायला ०.०७५ मोलर केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) ३७ अंशांवर २० मिनिटं, आणि फिक्सेटिव्ह म्हणून ३:१ मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिड ऐन वेळी बनवलेलं.
गुंता मात्र हवेचाही असू शकतो. मे महिन्यातली आपल्याकडची कोरडी हवा, त्यात डोक्यावर पंखा: थेंब पसरायच्या आतच कडा वाळतात आणि क्रोमोसोम गोळा होऊन बसतात. पंखा बंद करा, स्लाइड वॉटर बाथच्या वाफेवर धरून थेंब टाका. पावसाळ्यात उलट होतं, क्रोमोसोम पार विखुरतात.
प्रवासात बर्फाची पिशवी ट्यूबला चिकटू देऊ नका. मध्ये कापसाचा जाड थर हवा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. सॅम्पल जेमतेम ०.३ मिली उरलंय. तेही वाया गेलं तर?

प्रतिसाद १
०.३ मिली भरपूर आहे. शिवाय जुनी पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) फेकू नका. फिक्सेटिव्हमध्ये उणे २० अंशांवर ठेवा. बीसीआर-एबीएलचं (सीएमएलमधला जोडलेला जीन) फिश, म्हणजे चमकणाऱ्या प्रोबची तपासणी, इंटरफेज (विभाजन सुरू नसलेल्या) केंद्रकांवर होतं, मेटाफेज लागत नाहीत. तरीही अडलंच तर हाताच्या शिरेतून हेपॅरिनमध्ये रक्त घ्या. एवढ्या काउंटला सीएमएलमध्ये कच्च्या पेशी रक्तातही असतात, पीएचएशिवाय कल्चर लागतं. कमरेत सुई नको.