आयबीएमचा पहिला पीसी: डिझाइन की जोडकाम?

जुनी_फ्लॉपी: परवा एक मित्र आयबीएमच्या १९८१ च्या पीसीचं (मॉडेल ५१५०) तोंड भरून कौतुक करत होता. मला काही पटत नाही. आत इंटेलचा सोळा बिटी प्रोसेसर ८०८८, पण बाहेरचा डेटा बस (मेमरीशी देवाणघेवाणीची वाट) आठ बिटांचा. म्हणजे सोळा बिटी आकडा मेमरीतून आणायला दोन खेपा. सोळा बिटी बसचा ८०८६ तेव्हा बाजारात होता की! वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ. का, तर क्रिस्टल (यंत्राला ठोके देणारा स्फटिक) १४.३१८ मेगाहर्ट्‌झचा, अमेरिकन टीव्हीच्या रंग-सिग्नलच्या चौपट, आणि हा त्याचा तिसरा हिस्सा. ऑफिसच्या यंत्राचा वेग टीव्हीने ठरवायचा?

तांबडा_दिवा: अहो, तीच तर गंमत! ८०८८ ची मर्यादाच मुळी ५ मेगाहर्ट्‌झ. गमावलं ते पाच टक्केही नाही. त्या बदल्यात प्रोसेसर, टायमर आणि कलर कार्ड तिघांना एकच क्रिस्टल पुरला. आठ बिटी बसला लागणाऱ्या आयसी (चिप्स) स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या. बोका रॅटनला (फ्लोरिडा) हा पीसी बनवणाऱ्या आयबीएमच्या मंडळींच्या हातात जेमतेम वर्ष होतं.

जुनी_फ्लॉपी: घाई मान्य. पण तिचं बिल आम्ही भरलं. मेमरीचे पत्ते एक मेगाबाइटचे, त्यातला ६४० केबीच्या वरचा भाग स्क्रीन आणि रॉमला देऊन मोकळे! पुढे आम्ही ६४० केबीत जागा करायला ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्राम) इकडचे तिकडे हलवत बसलो. पॉवर सप्लाय ६३.५ वॉटचा. हार्ड डिस्क लावायची तर आधी तोच बदला.

सोल्डरवाला: मी नव्वदीत एक्सटीच्या (याच पीसीच्या पुढच्या मॉडेलच्या) नकला दुरुस्त करायचो. बंद मशिन आलं की कार्डं उपसायची, कडेचे सोनेरी पट्टे खोडरबराने घासायचे, मग सॉकेटमधल्या आयसी अंगठ्याने दाबायच्या. तापून-निवून त्या वर सरकत. दाबताना बारीकसा 'कट्' आवाज आला की निम्मं काम झालं. (अंगठा मात्र संध्याकाळपर्यंत ठणकायचा.) वेगाचं तुम्ही बघा, मला मशिन उघडून कळायचं, ते या जोडकामामुळेच. आयबीएमने तर टेक्निकल रेफरन्समध्ये सर्किटं आणि बायोसचा (मशिन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) कोडसुद्धा छापला होता.

जुनी_फ्लॉपी: छापला, पण कॉपीराइट राखून. म्हणून तर पीसीशी जुळणारं मशिन काढणाऱ्या कॉम्पॅक कंपनीला बायोस नव्याने लिहावा लागला.

तांबडा_दिवा: पण लिहिता आला ना? नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांचा पोर्टेबल जाहीरही झाला. यात तोटा आयबीएमचा. डिझाइनला कशाला बोल लावता?

जुनी_फ्लॉपी: बरं, क्रिस्टल तुमचा. ८०८६ चं मात्र मी सोडणार नाही.