मदत हवी आहे: २०० अंशांवर तापवून सावरलेले सोलर सेल उजेडात पुन्हा का उतरतात?

प्रश्न
बोरॉन डोप केलेले (सिलिकॉनमध्ये अत्यल्प बोरॉन मिसळलेले) पी-टाइप पर्क (मागच्या बाजूला संरक्षक थर असलेल्या रचनेचे) सेल आहेत, सुटे. दिव्याखाली २४ तास ठेवले की व्हीओसी (भार न जोडता मोजलेला व्होल्टेज) ६७० वरून ६५८ मिलिव्होल्टवर येतो. अंधाऱ्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवला की परत ६७०. पुन्हा दिव्याखाली धरला की तेच रडगाणं! तापमान २५० केलं, वेळ दुप्पट केला, फरक शून्य. कायमचा इलाज काय? तयार पॅनेलवर चालेल का?

प्रतिसाद १
ओव्हन बरोबर आहे, दिवा कमी पडतोय. अंधारातली उष्णता बोरॉन-ऑक्सिजनचा दोष (उजेडात या दोघांपासून बनणारा, व्होल्टेज खाणारा) फक्त मोडते. दोन्ही मूलद्रव्यं जागेवरच राहतात, त्यामुळे उजेडात दोष पुन्हा तयार होतो. तो कायमचा निष्क्रिय करायला उष्णता आणि प्रकाश एकाच वेळी हवेत, शिवाय सेलमध्ये हायड्रोजन हवा. हा हायड्रोजन सिलिकॉन नायट्राइडच्या थरातून फायरिंगच्या (धातूचे संपर्क भट्टीत पक्के करण्याच्या) वेळी आत शिरतो.

हॉटप्लेटवर सेल १४० अंशांवर ठेवा, वरून निदान एका सूर्याइतका (भर उन्हाएवढा) हॅलोजन प्रकाश द्या. एवढ्या प्रकाशात काही तास लागू शकतात. कारखान्यात कितीतरी तीव्र प्रकाश वापरून हेच सेकंदांत उरकतात. थंड होईपर्यंत दिवा चालू ठेवा. मग २५ अंशांवर मोजा, कारण दर अंशाला व्हीओसी सुमारे २ मिलिव्होल्ट घसरतो. शेवटी कमी तापमानात ४८ तास दिव्याखाली ठेवा. तिथे टिकला तरच जमलं म्हणायचं.

प्रतिसाद २
वर एक भर. घाई म्हणून त्याच दिव्यात २२० अंश करू नका. दोष आधी तयार झाला तरच तो निष्क्रिय होतो. प्रकाश कमी नि उष्णता जास्त असली तर तयार होण्याआधीच मोडतो. सेल मोजायला झकास दिसतो आणि उन्हात पुन्हा पडतो. तापमान वाढवायचं तर प्रकाशही वाढवा.

आणि सिलिकॉनमध्ये लोहाची भेसळ नाही ना, तेही बघा. घसरलेला सेल खोलीच्या तापमानाला एक दिवस अंधारात ठेवा. आपोआप सावरला तर लोह-बोरॉन जोडीचा संशय घ्या. बोरॉन-ऑक्सिजनचा दोष असा थंडपणे जात नाही.

पॅनेल मात्र २०० अंशांच्या ओव्हनमध्ये अजिबात नको. ईव्हीएचं (सेलभोवतीच्या प्लॅस्टिकचं) लॅमिनेशनच १५० अंशांच्या आसपास होतं, त्याहून जास्त तापवलं तर बुडबुडे आणि पिवळेपणा ओढवून घ्याल. हे काम सेलवरच उरकायचं.

धागाकर्ता
प्लेट १४० दाखवत होती. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सेलच्या मागे लावला तर दिव्याखाली १६३!

प्रतिसाद १
होणारच, दिवाही तापवतो. प्लेट उतरवा आणि थर्मोकपलचा आकडा १४० वर आणा. पुढची खरेदी गॅलियम डोप केलेल्या वेफरची (सिलिकॉनच्या चकत्यांची) करा, त्यात बोरॉनच नसल्यामुळे ही कटकट उरत नाही. 'लेटिड' नावाचा, उजेड आणि उष्णतेने हळू येणारा ऱ्हास मात्र तिथेही होऊ शकतो. त्यात जादा हायड्रोजनच नडतो, तेव्हा फायरिंगचं तापमान उगाच चढवू नका.