बोका शी ट्रेमध्ये करतो, शू मात्र गोधडीवर

डोंबिवलीची_सून

नमस्कार मंडळी. आमचा बोका गब्बू 4 वर्षांचा आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, घरातच राहणारा. गल्लीतूनच उचलून आणलेला, जातिवंत वगैरे काही नाही. आजवर मातीचा ट्रे सोडून कुठे थेंब सांडला नाही त्याने. पाऊस लागला आणि काय बिनसलं कळत नाही. शी नेमाने ट्रेमध्ये, पण शू आधी बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर आणि आता थेट सासूबाईंच्या गोधडीवर. गोधडी त्यांच्या आईच्या लुगड्यांची आहे, त्यामुळे घरात वातावरण कसं असेल ते ओळखा.

घर वन बीएचके. ट्रे गॅलरीत असायचा. तिथे झड येते म्हणून आत आणून वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवला. वास कोंडायला लागला म्हणून झाकणवाला ट्रे घेतला, लॅव्हेंडरच्या वासाची माती आणली. रोज संध्याकाळी शूने झालेले मातीचे गोळे काढते. सासूबाईंचं म्हणणं, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात असतो त्याचा तो सूड उगवतोय. नवरा म्हणतो, नाक घास त्याचं तिथे. मी फिनाईलने पुसते, तरी पुन्हा तीच जागा. काय करावं?

बोकेवाला_नाशिक

बाकी सगळं नंतर. आधी सांगा, शू केल्यावर किती पडते? मोठं थारोळं की चार थेंब? ट्रेमध्ये जाऊन नुसता बसून राहतो का, ओरडतो का, तिथे सारखा चाटतो का? बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती तुंबली तर एकदोन दिवसांत जिवावर बेततं. अजिबात शू होत नसेल तर उत्तरांची वाट न बघता रात्री-अपरात्रीही डॉक्टर गाठा.

डोंबिवलीची_सून

थेंब थेंबच असते, पण दिवसातून बऱ्याचदा. आता तुम्ही म्हणाल्यावर लक्षात आलं, चाटतोही खूप. उद्या सकाळची वेळ घेतली आहे.

सांगलीची_मावशी

उद्या जातेस ते उत्तम. तपासणीला लघवी, जमली तर सोनोग्राफी करायला सांग. आणि डॉक्टरांना आवर्जून सांग की शी ट्रेमध्येच करतो. दुखणं शूचं असलं की मांजर त्याचा दोष ट्रेला देतं. इथे बसलं की आग होते, मग दुसरीकडे मऊ जागा बघूया, एवढं साधं गणित. सूडबिड काही नसतं गं. सासूबाईंना सांग, सूड उगवायला आधी तुमच्या ऑफिसच्या वेळा त्याला कळायला हव्यात.

आता ट्रेचं बोलते, कारण तिथे तुम्ही तीन बदल एकदम केलेत. जागा नवी, माती नवी, वर झाकण. मशीन सुकवणीला लागलं की ते बाथरूम केवढं हादरतं! आणि लॅव्हेंडर आपल्या नाकासाठी असतो. त्याला आत बंद खोक्यात तो वास आणि स्वतःचा वास दोन्ही सोसावे लागतात. झाकण आजच काढ. बिनवासाची, गोळे होणारी साधी बेंटोनाईट आण (कच्छची मातीच ती, नाव इंग्रजी म्हणून भाव खाते). थर दोन इंचांचा. पावसाळ्यात ती हवेतलीच ओल धरते आणि पायाला चिकट लागते, म्हणून उघडी पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेव.

दुकानातले ट्रे बहुतेक पिल्लांच्या मापाचे. बोक्याच्या लांबीच्या दीडपट हवा, शेपूट न धरता. एवढा मिळत नाही, म्हणून मी पलंगाखाली कपडे ठेवायचा पसरट प्लास्टिकचा खोका घेते आणि एक बाजू आत शिरण्यापुरती कापते. कडा घासून घे, नाहीतर पोट खरचटेल. आणि एक मांजर असलं तरी ट्रे दोन. जागा नाही असं म्हणू नकोस, एक सध्या गोधडी असते त्या खोलीच्या कोपऱ्यात ठेव. गोळे सकाळ-संध्याकाळ काढायचे.

फिनाईल बंद म्हणजे बंद. काळ्या फिनाईलमधली आणि डेटॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. तो त्याच फरशीवरून चालून पाय चाटतो. ब्लीचही नको, शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते ओतून तसंच मुरू द्यायचं, लगेच पुसायचं नाही. आपल्याला वास गेला असं वाटतं तेव्हाही त्याला येतच असतो, म्हणून तीच जागा. गोधडी एन्झाइमच्या पावडरीत गार पाण्यात भिजव, कडक उन्हात वाळव. ऊन मिळेल तेव्हा. तोवर कपाटात.

नाक घासणाऱ्या नवऱ्याला दोन्ही ट्रे साफ करायचं काम दे.

पेठेतला_माणूस

एक भर घालतो. भिंतीवर, पडद्यावर, उभं राहून शेपूट थरथरवत पिचकारी मारत असेल तर ते वेगळं. ते हद्द आखणं. ऑपरेशन झालेले बोकेही कधीकधी करतात, विशेषतः खिडकीबाहेर नवा बोका फिरायला लागला की. पायपुसणं, गोधडी म्हणजे बसून केलेली शू दिसते, त्यामुळे मावशींचंच बरोबर वाटतं. तरी गॅलरीत परका बोका येतो का ते एकदा बघा.

डोंबिवलीची_सून

डॉक्टरांकडे जाऊन आले. मूत्राशयाला सूज आहे, लघवीत थोडं रक्त आहे. खडे नाहीत, जंतूही सापडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, ताणानेही असं होतं. वेदनाशामक दिलं आहे. कोरडं खाणं कमी करून ओलं द्यायला, पाण्याची भांडी वाढवायला सांगितलं. खोका कापला, साधी माती आणली. पायपुसणं उचललं आणि तिथे त्याची जेवणाची ताटली ठेवली. काल रात्री खोक्यात उकरण्याचा आवाज आला. सासूबाईच उठून बघून आल्या, म्हणाल्या, "केलीय बरं का."

पाऊस संपल्यावर ट्रे पुन्हा गॅलरीत नेता येईल का? बेडरूममध्ये कायमचा ठेवणं अवघड आहे.

सांगलीची_मावशी

येईल की. पण आधी औषध पूर्ण होऊ दे, महिनाभर एकही थेंब बाहेर नको. मग रोज हातभर सरकव, दाराकडे. मध्ये कुठे अडखळला तर आदल्या दिवसाच्या जागी मागे आण. आणि त्या काळात दुसरा ट्रे मात्र आहे तिथून हलवायचा नाही.

वेदनाशामक डॉक्टरांनी दिलंय तेच आणि तेवढंच. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही नको, एका गोळीत मांजर जातं.